विहिरीवरचं इंजिन होडीत बसेल का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात छोट्या होड्यांच्या आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागे अडकवायच्या इंजिनाला, पेट्रोल किती लागतं त्यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत बऱ्याच जणांनी फिरवून फिरवून एकच विचारलंय, घरात किंवा भंगारात पडलेलं छोटं डिझेल इंजिन होडीत टाकता येईल का. म्हणून या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. काही प्रश्न लांब होते ते थोडे छाटलेत, राग मानू नका.

प्रश्न: नमस्कार काका. आमची २२ फुटी फायबरची होडी आहे, वाशिष्ठीच्या खाडीत जाळी टाकायला नेतो. वडिलांच्या वेळचं किर्लोस्करचं ५ हॉर्सपॉवरचं वॉटर कूल्ड इंजिन विहिरीवर होतं, थ्री फेज लाईन आल्यापासून ते गोठ्यात ताडपत्रीखाली पडून आहे. हँडल मारलं की अजून चालू होतं. होडीत बसेल का? सगळे म्हणतात ५ हॉर्सपॉवरने होडी जागची हलणार नाही, कारण आता ९.९ चं आउटबोर्ड आहे तेच कमी पडतं.
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर: दादा, होडी हलेल, चांगली हलेल. आउटबोर्डवरचा ९.९ आणि विहिरीवरच्या इंजिनाचा ५ हे दोन आकडे एका तराजूत घालू नका. आउटबोर्डचा आकडा पाच हजारांच्या आसपास आरपीएम (मिनिटाला फेरे) गेले की मिळणारा, आणि त्याचा पंखा, म्हणजे पाण्यातला प्रोपेलर, लहान. तुमचं इंजिन १५०० आरपीएमला दिवसभर ५ हॉर्सपॉवर देत राहण्यासाठीच बनवलेलं आहे, आणि गिअरबॉक्समधून वेग अर्धा केला की त्याच्यावर मोठा पंखा लावता येतो. जड होडीला हळू फिरणारा मोठा पंखाच ढकलतो.

दुसरं असं की तुमच्यासारख्या होडीला वेगाची एक हद्द असते, ती हद्द पाण्यातली लांबी ठरवते, इंजिन नाही. पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्यायची, वर्गमूळ काढायचं, १.३४ ने गुणायचं, येतात ते नॉट. तुमची २२ फुटी होडी पाण्यात २० फूट धरली तर ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास. त्याच्या पुढे ढकलायला गेलात की होडी स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते, मागची बाजू खाली बसते आणि डिझेल नुसतं जळतं. या हद्दीच्या आत राहायचं तर टनाला दोन ते चार हॉर्सपॉवर लागते. माणसं, जाळी, बर्फ धरून होडी दोन टनाच्या आत असेल तर खाडीत ५ हॉर्सपॉवर पुरेल. मुखाशी उधाणाच्या ओहोटीला धार उलटी असेल तेव्हा मात्र तुम्ही घामाघूम व्हाल, तेव्हा भरती-ओहोटीचं टायमिंग बघूनच बाहेर पडायचं, जे तुमचे वडील शिडावर करतच असणार. डिझेल ताशी लिटर-सव्वा लिटरच्या घरात लागेल, ९.९ चं टू-स्ट्रोक आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलला चार लिटरच्या आसपास पेट्रोल पितं हे लक्षात घ्या.

आता खरा खर्च कुठे आहे ते सांगतो, कारण इथेच लोक फसतात. इंजिन फुकटचं आहे म्हणून काम स्वस्तात होईल असं वाटतं, पण इंजिन हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. इंजिनाच्या मागे जे येतं, गिअरबॉक्स, शाफ्ट, स्टर्न ट्यूब (शाफ्ट ज्यातून होडीबाहेर पाण्यात जातो ती नळी), पंखा, आणि इंजिनाच्या आत जे पाणी फिरतं ते, पैसे आणि डोकं तिथे घालायचंय.

पाण्याचं आधी. विहिरीवर तुम्ही पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक नळी इंजिनाला दिली असणार, विहिरीचं थंड पाणी आत आणि कोमट पाणी पाटात. होडीत बरेच जण तीच नळी खाडीत सोडतात. पहिलं वर्ष काही होत नाही. मग जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, गंज आणि क्षार धरतो, वाशिष्ठीचा गाळ खाली बसतो, आणि वर नळीतून पाणी येताना दिसत असलं तरी सिलिंडरच्या पाठीमागे पाणी पोचत नसतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ असतं आणि इंजिन बिडाचं आहे, तेव्हा कोण जिंकणार ते उघड आहे.

म्हणून तुमच्या केसमध्ये मी तळाखालून पाईप फिरवायची पद्धत घेईन. इंजिनात गोडं पाणी आणि कूलंट, ते एका छोट्या पंपाने होडीच्या तळाखालच्या तांब्याच्या पाईपमधून फिरवायचं आणि परत इंजिनात. खाडीचं पाणी इंजिनात येतच नाही, गाळ नाही, पाणी आत घेण्याच्या तोंडाची जाळी चोंदणं नाही. हिशेब साधा आहे. डिझेलमधली साधारण एक तृतीयांश उष्णता शाफ्टला जाते, एक तृतीयांश धुरातून आणि एक तृतीयांश पाण्यात. म्हणजे ५ हॉर्सपॉवर, पावणेचार किलोवॅट, तेवढीच उष्णता पाण्यातून काढायची. आत-बाहेर १० अंशांचा फरक ठेवला तर मिनिटाला साडेपाच लिटर पाणी फिरलं की झालं, पट्ट्यावरचा कुठलाही लहान पंप तेवढं देतो. आपल्याकडे खाडीचं पाणीच ३० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे परदेशी पुस्तकातल्या मापापेक्षा पाईप जास्त घ्या, एक इंची पाईप चार-पाच मीटर. एका बाजूने नेऊन दुसऱ्या बाजूने आणलात की तेवढी लांबी सहज बसते. पाईपला वरून जाड रंग फासू नका, उष्णता अडते. होडी वाळूवर ओढत असाल तर दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या मारून पाईप त्यांच्या आत ठेवा, नाहीतर पहिल्या दगडाला चेपेल.

गिअरबॉक्स बोटीचाच घ्या, दोनास एक किंवा अडीचास एक रिडक्शनचा. जुना चालेल, चायनीज चालेल, पण बोटीचाच. का ते पुढच्या उत्तरात येतंय. घेण्याआधी इंजिन फ्लायव्हीलकडून बघताना कुठल्या दिशेला फिरतं ते कागदावर लिहून न्या, पंखा उजवा घ्यायचा की डावा ते त्यावर ठरतं आणि दुकानात उभं राहून ते आठवत नाही.

बेड, म्हणजे इंजिनाची बैठक, हा तिसरा मुद्दा. एक सिलिंडरचं इंजिन किती हादरतं ते तुम्ही विहिरीच्या काठावर बघितलंयच, तिथे काँक्रीट होतं. फायबरच्या तळावर चार बोल्ट मारून ते टिकणार नाही. तळाला लांबीच्या दिशेने दोन लाकडी तुळया, जमेल तितक्या लांब, फायबरने तळाला आणि आडव्या फासळ्यांना नीट जोडलेल्या, आणि इंजिन त्यांच्यावर. शाफ्टच्या उतारामुळे इंजिन मागे कलतं, तो कल १५ अंशांच्या आत ठेवा, नाहीतर ऑइल चेंबरमध्ये एका बाजूला जमतं आणि डिपस्टिक खोटं बोलते.

शाफ्टची जुळणी होडी पाण्यात असतानाच करा. हे मी दहा वेळा सांगेन. किनाऱ्यावर ओंडक्यांवर टेकलेली होडी आणि पाण्यात तरंगणारी होडी यांचा आकार किंचित वेगळा असतो, फायबर आणि लाकूड दोन्ही वाकतात. कपलिंगचे बोल्ट काढायचे, दोन्ही चकत्या हाताने टेकवायच्या आणि चारही बाजूंनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघायचं. चकतीच्या दर इंच व्यासाला एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एवढाच फरक चालतो, चार इंची कपलिंगला चार थाउ, म्हणजे मिलीमीटरचा दहावा भाग. मेस्त्री म्हणेल "एवढं कोण बघतं". तुम्ही बघा.

आणि गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग. विहिरीवर इंजिन एकाच वेगाने चालायचं, होडीत कमी-जास्त करावं लागतं. गव्हर्नरच्या स्प्रिंगच्या दांडीला केबल जोडून ते होतं, अवघड नाही, फक्त ते अगदी खाली आणू नका, या इंजिनांना फार हळू चालणं मानवत नाही, खूप हादरतात. किनाऱ्याला लागताना न्यूट्रल वापरा.

प्रश्न: काका, तीन चाकी टेम्पोचा डिझेल इंजिन गावता भंगारात, गिअरबॉक्स-बिअरबॉक्स सगळा सोबत. एक सिलिंडर, एअर कूल्ड. गिअरबॉक्स तोच ठेवून मागे शाफ्ट वेल्डिंग करून लावलंय तर चलात काय? रिव्हर्स पण आयता मिळता.
— मालवणहून एक वाचक

उत्तर: चलात, पण थोडेच दिवस.

पंखा पाणी मागे ढकलतो, आणि त्याच जोराने शाफ्ट पुढे ढकलला जातो. दहा हॉर्सपॉवरला हा रेटा शंभर किलोच्या आसपास असतो. एक जाडजूड माणूस शाफ्टच्या टोकाला पाठ लावून सतत ढकलतोय असं समजा. टेम्पोत हा रेटा टायरकडून ॲक्सलला आणि तिथून चेसिसला जातो, गिअरबॉक्सपर्यंत येतच नाही, त्यामुळे त्या गिअरबॉक्समधली बेअरिंग फक्त फिरवायला असतात, ढकलणं सोसायला नाही. शाफ्ट थेट जोडलात की आधी बेअरिंग आवाज करतं, मग केसिंगला तडा जातो, आणि तेव्हा तुम्ही किनाऱ्याजवळ असालच असं नाही. बोटीच्या गिअरबॉक्समध्ये या रेट्यासाठी वेगळं थ्रस्ट बेअरिंग असतं, त्याची किंमत त्यासाठीच द्यायची असते.

गिअरबॉक्स ठेवायचाच हट्ट असेल तर त्याच्या मागे वेगळा थ्रस्ट ब्लॉक बसवा, टेपर रोलर बेअरिंगची जोडी एका मजबूत हाउसिंगमध्ये, आणि ते हाउसिंग बेडच्या तुळयांना बोल्ट केलेलं. गिअरबॉक्स आणि ब्लॉकच्या मध्ये प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट किंवा रबर कपलिंग. म्हणजे रेटा होडीला जातो, गिअरबॉक्सला नाही. एवढं केलंत तरी दोन दुखणी राहतात. टॉप गिअरला पंखा इंजिनाच्याच वेगाने फिरतो, ते फार जास्त होतं, म्हणून लोक दुसरा गिअर टाकून ठेवतात आणि तासन् तास त्यातच चालवतात, त्यासाठी ते दात नाहीत, ऑइल उकळतं. आणि रिव्हर्स आयता मिळतो म्हणता, पण टेम्पोचा रिव्हर्स इतका हळू असतो की पंखा फिरतोय असं दिसतं आणि होडी आपली जेट्टीवर जाऊन आदळते.

क्लचची प्लेट हे आणखी एक. खाऱ्या हवेत पावसाळाभर बंद राहिली की फ्लायव्हीलला चिकटून बसते. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून झाला, सगळे निघाले, आणि तुमचा क्लच सुटत नाही.

एअर कूल्डचं वाईट नाही बरं का, खाडीत उलट फायद्याचं आहे, कारण पाण्याचं लचांडच नाही. पण ते रस्त्यावर उघड्यावर असतं आणि तुम्ही ते खोक्यात बंद करणार. थंड हवा आत यायला एक मोठी वाट आणि गरम हवा पत्र्याच्या नळाने सरळ बाहेर, या दोन वाटा वेगळ्या पाहिजेत, नाहीतर फॅन तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. इंजिनावरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ फिन्सवर मीठ बसतं, ते आठवड्याला गोड्या पाण्याने, इंजिन पूर्ण थंड असताना धुवायचं.

प्रश्न: नमस्कार सर. माझ्या भावाची करंजाला बोट आहे, हिशेब आणि दुरुस्तीचं मी बघते. ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवलंय, समुद्राचं पाणी थेट इंजिनातून. मेस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणाला त्याने गरम होतं. आता दोन सीझननंतर थर्मोस्टॅट नसतानाही गरम होतंय. रेडिएटरवाला म्हणतो बाथरूम साफ करायचं ॲसिड ओतून साफ करू. करू दे का?
— एक वाचक, उरण

उत्तर: ताई, ॲसिडवाल्याला थांबवा. ते हायड्रोक्लोरिक असतं, ॲल्युमिनियमचा भाग असेल तर खाऊन टाकतं, आणि बिडालाही सोडत नाही.

आधी स्वस्तातलं बघा, बाहेरून आत या क्रमाने. पाणी जिथून आत येतं तिथली जाळी, करंजाला तिथे प्लास्टिकची पिशवी निघाली नाही तर मला आश्चर्य वाटेल. मग पाण्याच्या पंपाचं झाकण काढून रबरी इंपेलर बघा. त्याच्या पाकळ्या मोजा, एखादी कमी असेल तर तो तुकडा पुढे कुठेतरी पाईपच्या वाकणात अडकलाय, नवा इंपेलर टाकला तरी तो तुकडा शोधल्याशिवाय काम झालं असं समजू नका. हे रबरी इंपेलर कोरडे फिरले की मिनिटभरात जळतात, बोट चिखलात बसलेली असताना कोणी "बघू चालू होतंय का" म्हणून स्टार्टर मारला की संपलं.

हे दोन्ही ठीक असेल तर आत क्षार बसलाय. त्यासाठी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा मालाच्या दुकानात किलोवर मिळतं. गरम पाण्यात दहा टक्के करून, बादली आणि छोट्या पंपाने इंजिनातून दोन-तीन तास फिरवत ठेवा, फेस यायचा थांबला की पाणी बदला, पुन्हा. शेवटी गोड्या पाण्याने भरपूर धुवून काढा. हळू काम आहे पण इंजिन राहतं.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन ठरावीक तापलं की पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेबद्दल, मेस्त्री अर्धा बरोबर होता. ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडतो, समुद्राचं पाणी एवढं तापलं की क्षार भराभर बसतात, म्हणून थेट खाऱ्या पाण्यावरच्या इंजिनांना ५५ अंशांच्या आसपासचा थर्मोस्टॅट लावतात. पण काढूनच टाकला तर इंजिन कायम थंडगार चालतं, डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये काळी घाण साठते, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजतात. तुम्ही हिशेब बघता म्हणून सांगतो, झालेल्या खर्चाकडे बघा, आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाला हीट एक्स्चेंजर लावून घ्या. इंजिनात कूलंट, एक्स्चेंजरच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी, आणि त्यात जस्ताची एक कांडी, जी इंजिनाऐवजी स्वतः झिजते. ती कांडी अर्धी झाली की बदलायची. झिजतच नसेल तर खूश होऊ नका, तिचा संपर्क तुटलेला असतो.

प्रश्न: मी स्वतः दोन सिलिंडरचं इंजिन बसवलंय, हीट एक्स्चेंजर, सगळं. सायलेन्सर गरम होतो म्हणून एक्झॉस्टमध्ये पाणी सोडलं, मस्त आवाज कमी झाला. परवा सकाळी स्टार्टर मारला तर टक् करून बसला, फिरतच नाही. बॅटरी नवीन आहे. स्टार्टर गेला का?
— एक वाचक, वसई

उत्तर: स्टार्टर पुन्हा मारू नका!! सिलिंडरमध्ये पाणी भरलंय. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, तुम्ही जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

हे वाचत असाल तेव्हा काही दिवस गेले असणार, तेव्हा आजच करा. समुद्राचा वॉल्व्ह, म्हणजे बाहेरचं पाणी आत घेणारा, बंद. दोन्ही नोझल काढा, हाताने क्रँक फिरवा, भोकातून पाणी उडेल, तोंड वर धरू नका. मग भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल सोडून पुन्हा फिरवा. चेंबरमधलं ऑइल बघा, दुधाच्या चहासारखं झालं असेल तर काढा, नवं घाला, इंजिन चालू करून थोडं चालवा, आणि ते ऑइलही काढून पुन्हा नवं घाला. खारं पाणी आत असताना प्रत्येक दिवस लायनरवर गंजाची रेघ ओढत असतो. आता मोकळेपणाने फिरत नसेल, तर हेड उघडावंच लागेल.

झालं काय, तर इंजिन पाण्याच्या पातळीच्या खाली आहे आणि तुम्ही नळी सरळ एक्झॉस्टमध्ये सोडलीय. इंजिन बंद केल्यावर सायफन लागला, आणि रात्रभर समुद्र हळूहळू सायलेन्सरमधून मागे चढत इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्वपर्यंत गेला. यावर उपाय आहे, पाण्याची ती नळी होडीच्या पाणपातळीच्या फूटभर वर नेऊन मग खाली आणायची आणि सगळ्यात उंच ठिकाणी हवा घेणारा छोटा व्हॉल्व बसवायचा, म्हणजे सायफन तुटतो. पाणी एक्झॉस्टमध्ये जिथे मिसळतं ती जागा मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर जिथे बाहेर पडतो त्या भागाच्या) खाली पाहिजे, तिथून उतार, आणि उताराच्या शेवटी पाणी साठायला टाकी. आणि इंजिन चालू होत नसताना स्टार्टर मारत राहायचं असेल तर समुद्राचा वॉल्व्ह बंद ठेवायचा, कारण पंप पाणी ढकलतच असतो आणि ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. चालू झालं की लगेच उघडायचा. लगेच म्हणजे लगेच.

माझं विचाराल तर उघड्या होडीत मी पाण्याचा एक्झॉस्ट करतच नाही. आपल्या बंदरातल्या कितीतरी होड्यांवर उभा कोरडा सायलेन्सर असतो, वरती पावसाचं टोपण, त्यात बिघडायला काही नाही. आवाज होतो, हो. पाईप भाजतो म्हणून त्याला ग्लास फायबरची किंवा सिरॅमिकची दोरी गुंडाळा. जुन्या दुकानात अजून ॲस्बेस्टॉसची दोरी देतात, ती घेऊ नका, छातीत जाते. आणि इंजिनजवळ हादरे शोषणारा लवचिक तुकडा टाका, नाहीतर वेल्डिंग तिथेच तुटतं.

प्रश्न: इंजिन बसवलं, चालतं, पण जोर दिला की काळा धूर आणि वेग वाढत नाही. पंखा लेथवाल्याने अंदाजाने दिला.
— एक वाचक, हर्णे

उत्तर: अंदाजाने पंखा म्हणजे अंदाजाने चष्मा.

पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती पुढे जायला बघतो ते. समजा इंजिन १५०० ला आणि गिअरबॉक्स दोनास एक, पंखा ७५० फेरे, पिच १२ इंच. मिनिटाला ७५० फूट, ताशी जवळजवळ पावणेचौदा किलोमीटर. पण पाणी घट्ट नसतं, जड होडीला चाळीस टक्के घसर सहज जाते, मग हातात उरतात ताशी आठ किलोमीटर. तुमची होडी किती वेगाने जाऊ शकते ते वर दिलेल्या वर्गमुळाच्या हिशेबाने काढा आणि पिच त्याला जुळतो का बघा.

मग टॅकोमीटर घ्या, हातातला डिजिटल स्वस्त मिळतो. होडी नेहमीच्या वजनाने भरा, मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिनच्या प्लेटवर लिहिलेले आरपीएम गाठले पाहिजेत. १५०० च्या जागी १३०० ला अडकून काळा धूर येत असेल तर पंखा जड आहे, पिच किंवा व्यास कमी करायला हवा. सहज १५०० गाठून इंजिन रिकामं पळाल्यासारखं वाटलं तर पंखा हलका. तुमचा पहिला प्रकार दिसतो. पण पंखा काढण्याआधी एकदा पाण्यात उतरून त्यावर कालवं धरलीयत का ते बघा, आणि एअर फिल्टर बघा, काळ्या धुराची ही दोन कारणं फुकटात निघतात. पाती तासायची तर तिन्ही पाती सारखी, आणि नंतर बॅलन्स करून, नाहीतर शाफ्ट थरथरेल.

प्रश्न: थायलंडला बघितलं, इंजिन होडीच्या मागे खांबावर आणि लांब दांड्याच्या टोकाला पंखा. आपल्याकडे का नाही करत? तेरेखोलच्या खाडीत ओहोटीला पाणीच नसतं, आत शाफ्ट बसवला तर रोज रुतणार.
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: तुमच्यासारख्या जागी हे खरंच चांगलं आहे. तळाला भोक नाही, स्टर्न ट्यूब नाही, ग्लँड (शाफ्टभोवती दोरी भरून पाणी अडवणारा भाग) नाही, उथळात दांडा उचलला की झालं. पॉवर टिलरचं किंवा पंपाचं हलकं एअर कूल्ड डिझेल त्यावर बसतं. फक्त जड बिडाचं इंजिन नको, लिस्टर पद्धतीची जुनी राजकोटी इंजिनं तर तीनशे किलोच्या पुढे जातात, मागचा भाग बुडेल. रिव्हर्स नसतो आणि वळवायला हात दुखतात. उघडा पंखा माणसांच्या उंचीला फिरतो, म्हणून गार्ड, आणि इंजिन सैल सुटलं तर बंद होईल अशी दोरी मनगटाला.

आपल्या देशातही याचाच चुलतभाऊ करून बघितला गेलाय. एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या, बे ऑफ बेंगाल प्रोग्रॅममध्ये १९८० च्या दशकात पूर्व किनाऱ्यावर, जिथे बंदर नाही आणि होडी थेट लाटांतून वाळूवर येते, तिथल्यासाठी छोटं डिझेल इंजिन आणि शाफ्ट एकत्र वर उचलता येईल अशी रचना केली होती. देवगड-वेंगुर्ल्याच्या रेतीवरच्या होड्यांना ती कल्पना आजही उपयोगी पडेल, कोणी हुशार वेल्डर मनावर घेईल तर.

प्रश्न: इंजिन बदललं तर कागदपत्रं बदलावी लागतात का? उन्हाळ्यात चार पर्यटक फिरवले तर चालतं ना?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर: पहिल्याचं हो. मासेमारी नौकेच्या नोंदणीत इंजिनचा तपशील असतो, बदल मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा, डिझेलवरच्या कराचा परतावा आणि विमा दोन्ही त्या कागदावर चालतात. बिनयांत्रिक होडीला इंजिन लावलंत की १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदीही तुम्हाला लागू होते, हे बरेच जण विसरतात.

दुसऱ्याचं नाही. प्रवासी न्यायचे तर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा सर्व्हे आणि परवाना लागतो, मासेमारीच्या कागदावर माणसं फिरवता येत नाहीत. घरी बसवलेल्या इंजिनावर दुसऱ्याची पोरं बसवू नका.

प्रश्न: नव्या बसवलेल्या शाफ्टच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येतं. आवळून पूर्ण बंद केलं तर चालेल का? विहिरीच्या पंपाची ग्लँड दोरी घातलीय.
— एक वाचक, जैतापूर

उत्तर: पूर्ण बंद करू नका. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत, त्या पाण्यानेच दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. शाफ्ट थांबल्यावर मात्र थेंब थांबायला हवेत. अर्धा तास चालवून ग्लँडला हात लावा, कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर जास्त आवळलंय, सैल करा. पंपाची दोरी चालते, पण ती ग्रीस किंवा ग्राफाइट मुरलेली हवी, कोरडी असेल तर शाफ्टला चर पाडते. एक लांब तुकडा गुंडाळून कोंबला असेल तर काढा आणि सुटे वेढे कापा, तीन किंवा चार, कापाची टोकं तिरकी, आणि प्रत्येक वेढ्याचा सांधा आधीच्या सांध्यापासून लांब. नट दोन्ही बाजूंनी सारखे आवळा, एका वेळी अर्धा फेरा. आवळून झालं की लॉक नट विसरू नका, तो नसेल तर हादऱ्याने मुख्य नट आपोआप मागे येतो.